शापुरजी सकलातवाला : बॅटर्सीचे खासदार, मुंबईचा माणूस

प्रश्न असा आहे : ‘दादाभाई नौरोजींनंतर टाटांचा एक भाचा कम्युनिस्ट म्हणून ब्रिटिश संसदेत निवडून गेला होता, हे खरं का? खरं असेल तर गोऱ्यांच्या मतदारसंघातून तो निवडून आला कसा, तिथे त्याने केलं काय, आणि टाटांनी त्याला वाळीत टाकलं का?’

खरं आहे. त्यांचं नाव शापुरजी सकलातवाला. जन्म मुंबईचा, २८ मार्च १८७४. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची सख्खी बहीण. लंडनच्या दक्षिणेकडच्या बॅटर्सी उत्तर मतदारसंघातून ते १९२२ मध्ये आणि नंतर १९२४ मध्ये, असे दोनदा निवडून आले. मधली १९२३ ची निवडणूक हरले आणि १९२९ ची हरल्यावर पुन्हा सभागृहात आले नाहीत. सगळी मिळून जेमतेम साडेपाच वर्षांची खासदारकी. पण तेवढ्या काळात त्यांच्या वाट्याला जे आलं, ते पंचवीस वर्षं बाकावर बसलेल्यांच्याही वाट्याला येत नाही.

आधुनिक इतिहास शिकवताना आणि विद्यार्थ्यांकडून संसदेच्या कामकाजाचे जुने खंड वाचून घेताना मी या माणसाकडे वारंवार परतलो आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच सांगतो.

तुमच्या प्रश्नातला ‘निवडून आला कसा’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे सकलातवालांवर जे लिहिलं जातं त्यात ‘टाटांचा भाचा आणि कम्युनिस्ट’ या विसंगतीचंच कौतुक असतं. अजब माणूस म्हणून त्यांची ओळख करून दिली की बॅटर्सीचे हजारो मतदार गोष्टीतून गायब होतात. माझं म्हणणं सरळ आहे : कोणताही खासदार आधी त्याच्या मतदारसंघातून वाचावा. सकलातवालांना तर बॅटर्सीशिवाय समजून घेताच येत नाही.

तरी थोडं मागे जावं लागेल. शिक्षण मुंबईत, सेंट झेवियर्सची शाळा आणि मग कॉलेज. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा हे विशीतले तरुण. वाल्देमार हाफकिन यांच्या लस टोचण्याच्या मोहिमेत त्यांनी काम केलं. प्लेगच्या काळात मुंबईच्या चाळींमध्ये घरोघर जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. श्रीमंत घरातल्या मुलाला गिरणगावातल्या खोल्या आतून दिसल्या, त्या या कामामुळे.

पुढे ते मामांच्या उद्योगात आले. जमशेटजींना पोलादाचा कारखाना काढायचा होता आणि लोखंडाचा शोध सुरू झाला तो चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. लोहाऱ्याच्या खनिजाबद्दलचा अहवाल जमशेटजींनी १८८०च्या दशकातच वाचला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ आले. त्यांच्याबरोबर त्या रानात हिंडणाऱ्यांमध्ये जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी होते आणि शापुरजीही होते. चांद्याला लोखंड मिळालं, पण योग्य कोळसा जवळ नव्हता. शोध पूर्वेकडे सरकत गेला आणि कारखाना अखेर साकचीला, आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. या भटकंतीत शापुरजींना मलेरियाने गाठलं आणि प्रकृती पार ढासळली. १९०५ मध्ये ते उपचारासाठी आणि टाटांच्या तिथल्या कामासाठी विलायतेला गेले.

डर्बीशायरमध्ये मॅटलॉक नावाचं गाव आहे, जलोपचारासाठी त्या काळी प्रसिद्ध. तिथल्या उपचारगृहात सॅली मार्श ही मुलगी जेवणाच्या टेबलांवर वाढायचं काम करायची. दोघांची ओळख तिथली. १९०७ मध्ये लग्न झालं आणि पुढे पाच मुलं झाली. पारशी धनिकाच्या घरातला तरुण आणि इंग्लंडमधली कष्टकरी मुलगी. वर्ग, वर्ण, धर्म या तिन्ही कुंपणांपलीकडे जाऊन केलेला तो संसार शेवटपर्यंत टिकला.

राजकारण मँचेस्टरला सुरू झालं. १९०९ मध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत दाखल झाले. पहिल्या महायुद्धानंतर ते लंडनच्या डाव्या वर्तुळात चांगलेच ओळखीचे झाले. १९१७ मध्ये वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया ही संघटना लंडनमध्ये उभी राहिली, त्यात ते प्रमुख होते. हिंदुस्थानातल्या कामगारांचे प्रश्न ब्रिटिश कामगार संघटनांपुढे मांडणं हे तिचं काम. १९२० मध्ये मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचं ब्रिटनमधलं प्रतिनिधित्व याच लीगकडे आलं. १९२१ मध्ये शापुरजी ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षात गेले.

आता बॅटर्सी.

थेम्सच्या दक्षिण काठावरचा हा भाग. नाइन एल्म्सला रेल्वेचं मोठं आवार, गॅसचा कारखाना, मेणबत्त्यांचा कारखाना, नदीकाठची गोदामं. दाटीवाटीची भाड्याची घरं. बरेच आयरिश लोक. पण नुसतं गरिबीचं वर्णन केलं तर बॅटर्सी कळणार नाही, कारण लंडनमध्ये डाव्या राजकारणाची सगळ्यात जुनी आणि पक्की परंपरा इथे होती. १८९२ पासून १९१८ पर्यंत जॉन बर्न्स हे कामगार पुढारी इथले खासदार होते. १९०३ मध्ये पालिकेने लॅचमिअर वसाहत ही कामगारांसाठी घरांची योजना स्वतःच्या मजुरांकडून, कंत्राटदार न नेमता बांधून घेतली. १९१३ मध्ये याच पालिकेने जॉन आर्चर यांना महापौर केलं. आर्चर कृष्णवर्णीय होते, वडील बार्बेडोसचे आणि आई आयरिश. १९१८ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी उभं राहण्याचा हक्क मिळाल्याबरोबर इथल्या मजूर पक्षाने शार्लट डेस्पार्ड यांना उमेदवारी दिली. त्या तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या, आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढवय्या. त्या हरल्या, पण बॅटर्सी कुणाला तिकीट देऊ शकते हे त्यावरून दिसतं.

तेव्हा १९२२ मध्ये याच पक्षशाखेने मुंबईच्या एका पारशाला उभं केलं, यात तिथल्या लोकांना फार धक्का बसण्यासारखं नव्हतं. सकलातवालांच्या निवडणुकीचं काम स्वतः आर्चर यांनी पाहिलं. त्या वेळी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद मजूर पक्षाचाही सभासद असू शकत होता आणि मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर उभा राहू शकत होता. हा तांत्रिक मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर फिरतं. १५ नोव्हेंबर १९२२ ला मतदान झालं. सकलातवालांना ११,३११ मतं आणि लिबरल उमेदवार हॉगबिन यांच्यावर २,०२१ चं मताधिक्य मिळालं. दादाभाई १८९२ मध्ये फिन्सबरीतून निवडून आले होते ते अवघ्या तीन-पाच मतांनी. त्याच्या तुलनेत हा भक्कम विजय होता.

इथे दोन चुका दुरुस्त करतो, कारण त्या सगळीकडे दिसतात. सकलातवाला हे पहिले हिंदी खासदार नव्हेत. दादाभाईंनंतर १८९५ मध्ये मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे बेथनल ग्रीनमधून निवडून आले होते. तिघेही पारशी, तिघांचाही मुंबईशी संबंध, आणि पक्ष तीन वेगवेगळे. दुसरी चूक म्हणजे ‘पहिले कम्युनिस्ट खासदार’ हा किताब. १९२२ मध्ये मदरवेलहून वॉल्टन न्यूबोल्ड हे कम्युनिस्ट म्हणूनच निवडून आले होते, आणि त्याआधी मॅलोन नावाचे लिबरलांच्या बाजूने आलेले खासदार १९२० मध्ये त्या पक्षात गेले होते. १९२४ ते १९२९ या काळात मात्र सभागृहात कम्युनिस्ट पक्षाचा एकच माणूस होता, आणि तो सकलातवाला.

पहिल्या काही दिवसांतच त्यांनी एक गोष्ट केली, तीत पुढचा सगळा माणूस दिसतो. आयरिश फ्री स्टेटच्या, म्हणजे आयर्लंडच्या नव्या राज्याच्या, घटनेचं विधेयक सभागृहापुढे होतं. सगळ्या मोठ्या पक्षांना तो प्रश्न एकदाचा मिटवायचा होता. सकलातवालांनी विरोध केला. हा समझोता आयरिश जनतेने मोकळेपणी स्वीकारलेला नाही, युद्धाच्या धमकीखाली तो लादलेला आहे, अशी त्यांची भूमिका होती. पहिल्याच अधिवेशनात, हातात काहीही बळ नसताना, सगळ्या सभागृहाच्या उलट जाणं सोपं नसतं. आणि ही भूमिका त्यांच्या आयरिश मतदारांपैकी अनेकांची होती, हेही विसरू नका.

तेव्हाचा साधा खासदार कसा काम करायचा, हे जरा सांगायला हवं. वर्षाला ४०० पौंड पगार, तोही १९११ पासून सुरू झालेला. त्याआधी खासदाराला काहीच मिळत नसे, म्हणून मजुराला खासदार होणंच परवडत नव्हतं. आजच्यासारखा मदतनीसांचा ताफा नाही. हत्यारं म्हणाल तर मंत्र्यांना प्रश्न विचारणं, चर्चेत अध्यक्षांची नजर वेधून बोलायची संधी मिळवणं, आणि दुरुस्त्या सुचवणं. एकटा सदस्य कायदा करू शकत नाही, पण मंत्र्याला नोंदीवर उत्तर द्यायला लावू शकतो. सकलातवालांनी हे हत्यार मनापासून वापरलं. घरभाडं, बेकारीभत्ता, खाणमजूर यांवर ते बॅटर्सीचे खासदार म्हणून बोलत, आणि हिंदुस्थानातल्या मजुरीवर, तुरुंगांवर, विनाचौकशी अटकेवरही बॅटर्सीचेच खासदार म्हणून बोलत. त्यांच्या लेखी ही दोन वेगळी कामं नव्हती.

विद्यार्थ्यांना मी थांबवतो तो याच जागी. दादाभाईंनी संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत मांडला : हिंदुस्थानचा पैसा इंग्लंडला जातो. सकलातवालांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. तो पैसा इंग्लंडमधल्या मजुराला तरी मिळतो का? त्यांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. डंडी गावात तागाच्या गिरण्या, कलकत्त्यातही तागाच्या गिरण्या, आणि कलकत्त्याच्या कित्येक गिरण्यांत भांडवल ब्रिटिशांचं. कलकत्त्यात मजुरी अगदी कमी ठेवली की डंडीच्या मजुराचं काम जातं. तेव्हा कलकत्त्याच्या मजुराची संघटना बांधण्यात डंडीच्या मजुराचा उपकार नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. दयेची भाषा त्यांनी कटाक्षाने टाळली.

हे कोरडं वाटत असेल तर मुंबईतलंच उदाहरण घ्या. १९२५ मध्ये गिरणीमालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली आणि गिरणगावात मोठा संप झाला. मालकांचं गाऱ्हाणं होतं हिंदी कापडावरच्या साडेतीन टक्के अबकारीबद्दल, आणि ती बसवली गेली होती लँकेशायरच्या गिरण्यांच्या सोयीसाठी. डिसेंबरमध्ये ती अबकारी स्थगित झाली, कपात मागे घेतली गेली आणि संप मिटला. म्हणजे परळच्या जॉबरपासून बदली कामगारापर्यंत प्रत्येकाच्या पगाराचा एक धागा लंडनच्या धोरणात अडकलेला होता. सकलातवाला हा धागा दोन्ही टोकांनी पाहिलेला माणूस. कापसाच्या धंद्यातली नोकरी आणि कामगारांचं राजकारण, दोन्ही त्यांच्याकडे होतं.

आता निवडणुकांकडे परत. ६ डिसेंबर १९२३ ला ते १८६ मतांनी हरले. त्यांची स्वतःची मतं मात्र वाढून १२,३४१ झाली होती. ही हार म्हणजे लोकांनी नाकारणं नव्हतं. समोरचे सगळे एका उमेदवारामागे आले होते. मग १९२४ चं वर्ष. रॅमसे मॅक्डोनल्ड यांचं पहिलं मजूर सरकार आलं आणि वर्ष संपायच्या आत पडलं. निवडणुकीच्या तोंडावर एका वर्तमानपत्राने झिनोविएव्ह या सोव्हिएत कम्युनिस्ट पुढाऱ्याच्या नावाचं एक पत्र छापलं. त्यात मॉस्कोहून ब्रिटनमध्ये बंडाची चिथावणी असल्याचा दावा होता. ते पत्र बनावट होतं, असं आज मानलं जातं. मतदान चार दिवसांवर होतं, देशभर लाल भयाचं वातावरण होतं आणि मजूर पक्षाची पीछेहाट झाली. त्या वातावरणात, २९ ऑक्टोबर १९२४ ला, बॅटर्सीने उघड कम्युनिस्ट म्हणून उभ्या असलेल्या माणसाला १५,०९६ मतं देऊन ५४२ मतांनी निवडून दिलं. बॅटर्सीबद्दल मला खरा आदर वाटतो तो या आकड्यामुळे. १९२२ चं यश परंपरेचं म्हणता येईल. १९२४ चं यश त्या माणसाचं आणि त्याला ओळखणाऱ्या मतदारांचं आहे.

१९२५ मध्ये आंतरसंसदीय परिषदेसाठी ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर ते अमेरिकेला जाणार होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी त्यांचा परवाना रद्द केला. निवडून आलेल्या खासदाराला विचारांसाठी प्रवेश नाकारल्याचं हे प्रकरण तेव्हा खूप गाजलं.

मग १९२६. कोळसा खाणमालकांनी कमी मजुरी आणि जास्त तास मागितले, मजुरांनी नाकारलं, १ मे पासून टाळेबंदी झाली आणि सार्वत्रिक संप येऊन ठेपला. त्या मे दिनाला सकलातवाला हाइड पार्कमध्ये बोलले. सैन्यातल्या तरुणांनी आपल्याच बांधवांवर गोळी झाडण्याचा हुकूम आला तर तो पाळू नये, हा भाषणाचा गाभा. ४ मे ला त्यांना अटक झाली. बो स्ट्रीटच्या न्यायाधीशांनी चांगल्या वागणुकीचा जातमुचलका द्या म्हणून सांगितलं. सही केली असती तर घरी जाता आलं असतं. त्यांनी नकार दिला आणि दोन महिने वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात काढले. खासदाराला फौजदारी अटकेपासून संरक्षण नसतं, त्यामुळे विशेषाधिकाराचा उपयोग नव्हता. संप नऊ दिवसांत मागे घेतला गेला, तेव्हा हे आत होते.

या नकाराबद्दल मला विद्यार्थी नेहमी विचारतात, की हा हट्ट नव्हता का. मला तसं वाटत नाही. जातमुचलक्यावर सही म्हणजे आपण बोललो ते गुन्हा होतं, अशी कबुली. पुढच्याच महिन्यात खाणमजुरांच्या सभेत कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

१४ जानेवारी १९२७ ला ते मुंबईत उतरले. एप्रिलपर्यंत देशभर हिंडले, मोठमोठ्या सभा झाल्या. १९०५ मध्ये मुंबईहून निघताना आजारी तरुण असलेला माणूस आता ब्रिटिश संसदेचा सदस्य आणि ब्रिटिश तुरुंगाचा माजी कैदी होता. या दौऱ्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे गांधीजींशी झालेला पत्रव्यवहार. मार्चमध्ये सकलातवालांनी ‘कॉम्रेड गांधी’ असं संबोधून खुलं पत्र लिहिलं. खादीने देशाची गरिबी हटणार नाही, कामगार आणि शेतकऱ्यांची लढाऊ संघटना हवी, अहमदाबादची मजूर संघटना आयटकच्या बाहेर का ठेवता, असे सवाल त्यात होते. ‘महात्मा’ म्हणवून घेणं आणि लोकांना पाया पडू देणं थांबवा, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त उत्तर दिलं. सुरुवातच सकलातवालांच्या कळकळीची आणि त्यागाची कदर करून केली, आणि मग मुद्दे एकेक करून नाकारले. आपल्याला भांडवलदार संपवायचे नाहीत, मजूर आणि मालक यांचं नातं बदलायचं आहे, अहमदाबादचा प्रयोग त्यासाठीच आहे, आणि चरखा हा रिकामे महिने काढणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे.

माझं मत विचाराल तर खादीबाबत सकलातवालांना हिंदुस्थानातलं खेडं पुरेसं कळलं नव्हतं. त्यांचा अनुभव शहराचा, गिरणीचा आणि खाणीचा. वर्षातले चार-सहा महिने हाताला काम नसलेला शेतकरी त्यांच्या हिशेबात नीट बसत नाही. पण पाया पडण्याबद्दल त्यांनी जे लिहिलं ते लिहायला तेव्हा फार थोडे धजावले असते, आणि कामगार संघटना मालकाच्या सद्भावनेवर उभी राहू शकते का हा त्यांचा प्रश्न गिरणगावाने पुढच्याच वर्षी वेगळ्या तऱ्हेने सोडवला. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि गिरणी कामगार युनियन आठवा. दोघांनीही एकमेकांना पूर्ण गांभीर्याने घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

या दौऱ्यानंतर सरकारने सकलातवालांना पुन्हा हिंदुस्थानात यायला बंदी केली. १९२९ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं, त्यानेही ती उठवली नाही. जन्मगावी ते परत कधीच येऊ शकले नाहीत.

दौऱ्याच्याच वर्षी, १९२७ मध्ये, घरचा एक प्रसंग घडला आणि तो त्यांच्या पक्षाला झोंबला. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी आपल्या पाचही मुलांचा नवजोत केला, म्हणजे पारशी धर्मात रीतसर प्रवेश. कम्युनिस्ट पक्षाने जाहीर नापसंती व्यक्त केली. ही केवळ धर्माची ओढ होती असं मला वाटत नाही. पारशी बाप आणि परधर्मी आई यांची मुलं पारशी की नाहीत, हा प्रश्न १९०८ च्या पेटिट विरुद्ध जीजीभॉय खटल्यात मुंबई हायकोर्टापुढे आला होता. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी, रीतसर प्रवेश झालेला असेल तर बापाकडून ती मुलं पारशी ठरतात, असं म्हटलं. त्या खटल्याच्या मुळाशी रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच पत्नीचा प्रश्न होता. म्हणजे हा वाद सकलातवालांच्या घराण्यातच पेटलेला होता. आई इंग्रज असलेल्या आपल्या मुलांना कुणी परकं म्हणू नये, ही बापाची इच्छा पक्षाच्या शिस्तीपेक्षा त्यांना मोठी वाटली. पक्षाचा ठपका त्यांनी सोसला, पक्ष सोडला नाही.

नोव्हेंबर १९२७ मध्ये सायमन आयोगाची नेमणूक सभागृहापुढे आली. सात सदस्य, सगळे ब्रिटिश संसदेच्या दोन सभागृहांतले, एकही हिंदी नाही. आणि त्यात मजूर पक्षाचे दोघे, व्हर्नन हार्टशॉर्न आणि क्लेमंट ॲटली. इथे विरोधी पक्षच सरकारबरोबर होता. सकलातवालांनी आयोगात हिंदी माणूस का नाही एवढ्यावर थांबायला नकार दिला. एका देशाने दुसऱ्या देशाची लायकी तपासावी या कल्पनेलाच त्यांची हरकत होती. सभागृहात बसलेला एकमेव हिंदी माणूस हे बोलत होता. पुढच्या फेब्रुवारीत आयोग मुंबईत उतरला, तेव्हा काळ्या निशाणांनी त्याचं स्वागत झालं, ते आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतं. त्याची सुरुवात वेस्टमिन्स्टरमध्ये झाली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

आणि मग पराभव. वर म्हटलेला तांत्रिक मुद्दा आता आठवा. १९२४ आणि १९२५ च्या परिषदांत मजूर पक्षाने कम्युनिस्टांना उमेदवारी आणि मग सभासदत्वही बंद केलं. बॅटर्सीच्या शाखेने ऐकलं नाही, म्हणून १९२६ मध्ये तिची मान्यता काढून घेतली गेली आणि तिथे नवी अधिकृत शाखा उभी केली. जॉन आर्चर त्या नव्या शाखेत गेले. ज्यांनी सकलातवालांना निवडून आणण्यासाठी घाम गाळला, तेच १९२९ मध्ये त्यांच्या विरोधातल्या मजूर उमेदवाराचं, विल्यम सँडर्स यांचं काम पाहत होते. दोघांपैकी कुणालाही मी दोष देत नाही. आर्चर यांना मजूर पक्षाबाहेर कामगारांना भवितव्य दिसत नव्हतं. सकलातवालांना त्याच पक्षाने सायमन आयोगावर हिंदुस्थानला दिलेली वागणूक दिसत होती.

मात्र एक चूक त्यांच्या पदरात घालायलाच हवी. या सुमाराला मॉस्कोच्या धोरणानुसार ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने मजूर पक्षालाच मुख्य शत्रू ठरवलं, आणि सकलातवाला त्या धोरणाचे आधीपासूनचे पुरस्कर्ते होते. बॅटर्सीची ताकद होती ती एकजुटीत : आयरिश, समाजवादी, संघटित मजूर, मताधिकारवाल्या स्त्रिया, सगळे एका छत्राखाली. ते छत्र फाडायला दोन्ही बाजूंनी हात लावला. ३० मे १९२९ ला, एकवीस वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं त्या निवडणुकीत, सकलातवालांना ६,५५४ मतं पडली आणि ते तिसरे आले. सोव्हिएत रशियाबद्दलचा त्यांचा विश्वासही शेवटपर्यंत बिनशर्त राहिला. हिंदुस्थानातल्या एकेका कैद्याची चौकशी करणाऱ्या माणसाने तिकडच्या कैद्यांबद्दल तेच प्रश्न विचारायला हवे होते. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही हे लपवू नये.

खासदारकी जायच्या दोन महिने आधी, २० मार्च १९२९ ला, हिंदुस्थानातल्या कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मेरठ खटल्यातल्या अटका झाल्या. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर हे सगळे मुंबईचे, आणि त्यांच्याबरोबर स्प्रॅट, ब्रॅडली हे इंग्रज. त्यांच्या सुटकेसाठी ब्रिटनमध्ये जी मोहीम चालली तिच्यात सकलातवाला वर्षानुवर्षं सभा घेत राहिले. १९३० मध्ये ग्लासगोच्या शेटलस्टनला पोटनिवडणूक आणि १९३१ मध्ये पुन्हा बॅटर्सी, दोन्ही लढवल्या आणि हरले. १९३४ मध्ये सोव्हिएत संघाच्या दौऱ्यात हृदयविकाराचा झटका आला, तरी परतल्यावर सभा थांबल्या नाहीत. १६ जानेवारी १९३६ ला लंडनला हायगेटच्या घरी ते वारले. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या बटालियनला त्यांचं नाव दिलं गेलं. ते बोलायला अवघड होतं म्हणा किंवा काही, प्रचारात फारसं रुळलं नाही. लोक तिला ब्रिटिश बटालियनच म्हणत राहिले.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, वाळीत टाकल्याचा. १९२२ मध्ये खासदार झाले तेव्हाही ते टाटांच्या लंडन कचेरीत नोकरीला होते. ती सुटली १९२५च्या सुमाराला. भांडवलशाहीविरुद्ध रोज बोलणारा माणूस आणि ती कंपनी, यांना एकमेकांबरोबर राहणं दोन्हीकडून कठीणच होत गेलं असणार. पण घराण्याने संबंध तोडले, असं मी म्हणणार नाही. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात ब्रुकवुड नावाची मोठी दफनभूमी आहे आणि तिच्यात पारशांसाठी राखलेला भाग आहे. जमशेटजी १९०४ मध्ये जर्मनीत वारले, त्यांची समाधी तिथे आहे. गोल्डर्स ग्रीनला दहन झाल्यावर शापुरजींच्या अस्थी त्याच पारशी भागात, आईवडिलांच्या आणि मामांच्या सोबतीला ठेवल्या गेल्या.